मण्यार कुठल्या बागेत आहे

“पट्टा मुंडकाकडथून, का शेपटीकडथून?” असं विचारताना नाना डावा हात पुढे धरायचे आणि उजव्या बोटाने त्यावर आडव्या रेघा ओढायचे. धुळ्याच्या कापसाच्या जिनात नवा माणूस आला, की त्याचं गाव विचारण्याआधी हा प्रश्न. एकाच गोष्टीपाशी अडकलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती वेडी नसतात. नानांच्या हाताखाली जिनाचं इंजिन एकदाही बंद पडलं नाही.

त्यांची बायको साप चावून गेली होती. दिवस उगवताना सरपण काढायला गेली आणि बोटाला काहीतरी टोचलं. काळा साप, पांढरे पट्टे. नानांनी पाहिला आणि म्हणाले, कवड्या आहे, याला विष नसतं, भाकरी टाक. दुपारी तिच्या पापण्या आपोआप मिटायला लागल्या. संध्याकाळी गेली. डॉक्टर म्हणाले, मण्यार; तिचे पट्टे शेपटीकडून सुरू होतात, कवड्याचे मुंडक्याकडून. गाव म्हणालं, कवड्याच, तिची वेळ भरली होती. नानांना दोघांचंही पटेना. दोन्ही साप शेजारी शेजारी, जिवंत बघायचे होते. गावात निघालेला साप लोक ठेचतात, त्याचे पट्टे काय दिसणार? म्हणून कुठल्या शहरातल्या प्राण्यांच्या बागेत मण्यार पाळली आहे, याचा शोध.

पत्रं मी लिहायचो. मी मालवणकडचा, जिनात कामाला आलेला, इंग्रजी तिसरीत शाळा सुटलेला. त्या मुलखात माझं कुणी नव्हतं. हिवतापाने पडलो तेव्हा नानांनी घरी नेऊन पंधरा दिवस भगरीची पेज पाजली. त्यांना नाही कसं म्हणणार? पण पत्र पेटीत टाकण्याआधी मी ते पुन्हा पुन्हा वाचायचो. इंग्रजी चुकलं तर उत्तर येणार नाही, बरोबर असलं तर येईल आणि नानांना खरं काय ते कळेल. भीती दोन्हींची होती.

मुंबईहून आलं, नाग आहेत, मण्यार नाही. मद्रासची मेली होती. म्हैसूरने उत्तरच दिलं नाही. कलकत्त्याहून आलेलं पत्र मी चार दिवस खिशात ठेवलं.

“भाऊ, कागद वना ना?”

“आला.”

“शे?”

“आहे.”

जळगावच्या फलाटावर मी त्यांना गाडीत बसवलं. अकरा दिवसांनी ते परतले आणि थेट इंजिनाला तेल द्यायला लागले. जेवणाच्या सुट्टीत आपणच बोलले. तिथला राखणदार भला माणूस. मण्यार दुसरे साप खाते, म्हणून तिच्यासाठी त्याने मडक्यात कवड्या साप ठेवलेले. त्यातला एक त्याने पिंजऱ्यापाशी धरला आणि हसत विचारलं, यातला कवड्या कुठला?

“मी बोट दखाडं,” नाना म्हणाले. “मण्यारकडे.”

मी म्हणालो, नाना, पिंजऱ्यात अंधार असेल.

“ऊन व्हतं.”

त्यांनी अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. मी खाल्ली. भोंगा झाला तसे ते उठले, हात झटकले आणि आत गेले. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला तेव्हा इंजिनावर दुसरा माणूस होता; आपल्या डोळ्यांवर भरवसा राहिला नाही म्हणत नानांनी काम सोडलं होतं.