चेअरमनसमोर उभा राहिलेला नारळ

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातला नाही. भूत, भानामती, लिंबू-मिरची... घरात बायको करते, मी पेपर वाचत बसतो. बी.एस्सी. झालेला माणूस आहे आणि बरीच वर्षं गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी आहे. दुधात पाणी किती हे ज्याला रोज सकाळी तपासावं लागतं त्याचा माणसांवरच विश्वास उरत नाही, भुतांवर कुठून ठेवणार? इथले अनुभव वाचताना अर्ध्या जणांना मी मनातल्या मनात शिव्या घालतो, राग मानू नका. पण ही एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली आहे आणि ती मला कुणाच्या तरी गळ्यात टाकायची आहे.

गाव बीड जिल्ह्यातलं, केज तालुक्यातलं, नांदूरघाटपासून आत. नाव लिहीत नाही, कारण चेअरमनची बायको अजून गावातच राहते.

तर ते दुष्काळाचं साल. पोळा झाला तरी ओढ्याला पाणी नव्हतं आणि बैलांना धुवायचं सोडून लोकांनी ओल्या फडक्यानं पुसून घेतलं होतं. सोसायटीच्या दारात कॅन यायचे ते अर्धे रिकामे. म्हशींनाच पाणी नाही तर दूध कुठून येणार? शेवटी संचालक मंडळानं ठरवलं की सोसायटीनं स्वतःचा एक बोअर घ्यायचा. एकच. तो कोरडा गेला तर सोसायटीला कुलूप आणि जनावरं बाजारात, इतकं ते सरळ होतं.

आता बोअर घ्यायचा म्हणजे जागा कोण दाखवणार? आमच्याकडं पाणाड्या असतो. भागवतकाका हा आमचा पाणाड्या. तळहातावर शेंडीवाला नारळ आडवा ठेवून तो रानातून अनवाणी चालायचा. खाली पाणी असलं की नारळ आपोआप शेंडी वर करून उभा राहतो, असं म्हणतात. मी म्हणत नाही. मला विचाराल तर हाताचा सूक्ष्म झटका, बाकी काही नाही. आणि त्या दोन वर्षांत काकानं दाखवलेल्या बऱ्याच जागांतून नुसता फुफाटा निघाला होता. लोक त्याला तोंडावर बोलायला लागले होते. सोसायटीचं काम मिळालं नाही तर दसऱ्यानंतर म्हातारीला घेऊन, हातात कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायचं, एवढंच त्याच्यापुढं उरलं होतं. त्या वयात.

आणि काम द्यायचं की नाही हे होतं चेअरमनच्या हातात. महादेव अण्णा. धिप्पाड, पांढरे कपडे, मोठा आवाज. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही, पण कुणी दबलेला दिसला की त्याच्या अंगात यायचं. भागवतकाकाला तो सगळ्यांदेखत ‘भागवत्या’ म्हणायचा, काका वडलांच्या वयाचा असून.

बीडला दूध संघाची मीटिंग असली की मीटिंगनंतर बसणं ठरलेलं. त्या दिवशी अण्णानं काकालाही जीपमध्ये घातलं. का ते मला बीडला गेल्यावर कळलं.

ज्यांनी बीड पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बार्शी नाक्याकडं दिवेलागणीला नुसती जत्रा असते. भज्यांच्या गाड्या, मटणाचा वास, लुना, जीपा, ट्रॅक्टर, आणि एकाला एक लागून बिअर बार. एरवी कुठं बसायचं हे चखन्यावर आणि ओळखीवर ठरायचं. त्या साली ते पाण्यावर ठरत होतं. काही ठिकाणी बर्फच नाही. काही ठिकाणी ग्लास एकाच बादलीत बुडवून पुढच्या टेबलावर. एकानं तर दाराशी पाटीच लावलेली, ‘स्वतःच्या बोअरचे गार पाणी मिळेल’. दारूची नाही, पाण्याची पाटी! अण्णाला बाटलीतलं पाणी चालत नसे, त्याची जीभ बोअरच्या पाण्याला लागलेली.

जीपमधून उतरल्यावर अण्णा काकाला म्हणाला की काढ नारळ, आज बार तू निवडायचा. ज्याच्या खाली पाणी असंल तिथं बसू. बरोबर निघालं तर सोसायटीचा बोअर तुझा, नाहीतर मशीन लावून पाणी बघणारा परळीचा मशीनवाला आहेच.

काकानं हात जोडले. नारळ असा खेळायला काढायचा नसतो, आणि दारूच्या जागी तर नाहीच, असं काहीतरी पुटपुटला. अण्णा हसतच राहिला. शेवटी काकानं पिशवीतून नारळ काढला. मी हसलो का? हसलो. सगळेच हसत होते. भर बाजारात, हॉर्नच्या गोंगाटात, एक म्हातारा चपला हातात घेऊन तळहातावर नारळ धरून बारच्या दारादारातून फिरतोय आणि मागं पांढरे कपडे घातलेला माणूस... पोरं मागं लागली. पानवाल्यानं शिट्टी मारली.

पहिल्या बारपाशी नारळ पडून. दुसऱ्यापाशी पडून. पाटी लावलेल्या बारपाशीसुद्धा पडून, तेव्हा तिथला मालक चिडला. काकाला घाम फुटला होता. तिसऱ्या का चौथ्या दाराशी अण्णा वैतागला आणि त्याच्या पुढं येऊन उभा राहिला, म्हणाला की बस झालं तुझं नाटक.

आणि नारळ उभा राहिला.

मी हातभर अंतरावर होतो. झटका वगैरे काही नाही, हळूच, झोपेतून उठल्यासारखा. अण्णा खूश. हाच बार, चला! आत जाऊन बसलो तर वेटर म्हणाला की साहेब, आमचा बोअर मे महिन्यातच गेला, बाटली आणू का? अख्ख्या बारमध्ये हशा पिकला. अण्णाचं तोंड उतरलं, आणि त्याचं तोंड उतरलं की कुणाचं तरी खरं नव्हतं.

दोन पेग पोटात गेल्यावर त्यानं खेळ परत सुरू केला. काकाचे डोळे दस्तीनं बांधले आणि टेबलांमधून फिरायला लावलं. लोक खुर्च्या वळवून बघायला लागले. कुणी शेंगदाणे फेकले. अण्णा दबक्या पावलानं जागा बदलायचा, एकदा काउंटरजवळ, एकदा मोरीपाशी, एकदा दाराआड. नारळ सगळीकडं आडवा. फक्त अण्णा जिथं असेल तिथं काका पोचला की शेंडी वर. दर वेळी. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा हसणं थांबलं होतं. मीच दस्ती सोडून तपासली, घट्ट होती. मग नारळ माझ्या हातावर घेऊन अण्णासमोर धरला. काही नाही. दगड.

काकाचा चेहरा पांढरा पडला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, पाणी जमिनीत न्हाई. तुमच्यात हाय. लई हाय."

अण्णानं शेजारच्या टेबलावरचा टँकरच्या पाण्याचा जग उचलला आणि काकाच्या डोक्यावर ओतला. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. "घे, सापडलं ना पाणी? पी." वेटर म्हातारा होता, तो त्या रिकाम्या जगाकडंच बघत राहिला. काका तसाच निथळत जीपमध्ये बसला. गावाकडं परतताना वाटेतच अण्णानं जाहीर केलं की बोअर मशीनवाल्याचा.

तुम्ही म्हणाल योगायोग. मीही तेच म्हणत होतो.

पंधरा-वीस दिवसांत अण्णाला धाप लागायला लागली. ओसरीवरून सोसायटीपर्यंत यायचा तर मध्ये दोनदा टेकायचा. अंबाजोगाईला नेला. फोटो काढला तर छातीत पाणी. डॉक्टरांनी सुई घालून काढलं, चार दिवसांत परत भरलं. परत काढलं, परत भरलं. टीबी नाही, गाठ नाही, हृदय चांगलं. त्यांनी पुण्यापर्यंत तपासण्या पाठवल्या, बिचाऱ्यांनी काही कसर ठेवली नाही. मी एकदा खाटेखालची बाटली बघितली. असलं पाणी पिवळसर असतं म्हणे. हे स्वच्छ होतं.

आणि त्यात क्रूरपणा असा की डॉक्टरांनी त्याला पाणी बंद केलं होतं. दिवसाला जेमतेम कपभर, तेही मोजून. आत पाणी भरतंय आणि माणूस तहानेनं कासावीस. जीभ सुजून बाहेर आलेली. शांतावहिनी, त्याची बायको, ओला कापूस ओठांना लावायची तर तो कापूस चोखायचा, सोडायचाच नाही. गावात तेव्हा टँकरवर भांडणं चालली होती आणि इथं हा.

एक दिवस त्यानं मला सांगितलं की भागवतकाकाला घेऊन ये. ‘काका’ म्हणाला, पहिल्यांदाच. मी घेऊन गेलो. काका खाटेपासून लांबच उभा राहिला. अण्णानं त्याचा हात पकडायचा प्रयत्न केला, पोचला नाही.

"काका, तुमी सांगितलं तसंच हाय. आता काढा की तेवढं."

काकानं मान खाली घातली. मग म्हणाला, "आण्णा, मी फकस्त दावतो. काढायचं मला येत न्हाई."

सूड होता की खरंच तेवढंच होतं, मला त्याच्या तोंडावरून कळलं नाही. त्याच आठवड्यात अण्णा गेला. डॉक्टर म्हणाले, बुडालेल्या माणसासारखा गेला. ज्या तालुक्यात घागर बुडेल एवढं पाणी कुठल्या विहिरीत नव्हतं, तिथं.

आमच्याकडं जाळतात ते आपापल्या रानात. अण्णाचं रान म्हणजे माळ, वर मुरूम आणि खाली काळा पाषाण. तिथं त्यानं स्वतः तीन बोअर मारलेले, तिन्ही कोरडे. तिथंच सरण रचलं.

मशीनवाल्यानं सगळी शिवारं फिरून हात वर केले. तेराव्यानंतर संचालक भागवतकाकाच्या दारात गेले. तो नको म्हणत होता, आम्हीच ओढून नेला. दोन दिवस तो फिरला. नारळ कुठंच उठेना. अण्णाच्या रानाच्या बांधाशी आला की वळून जायचा. ते एका संचालकानं हेरलं आणि त्याला दंडाला धरून आत घेतलं. जिथं राखेचा डाग होता तिथं नारळ इतक्या जोरात उभा राहिला की हातातून उडाला.

"इथं नको," काका म्हणाला. "पाया पडतो, इथं नको."

पण गोठ्यात जनावरं गुडघ्यावर आली होती हो. बैठक घेतली, हात वर झाले, ठराव पास. शांतावहिनीला विचारायला मलाच पाठवलं, कारण सेक्रेटरी. ती चुलीपुढं बसली होती. माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "भाऊजी, मरताना त्यांनी माझ्याकडं घोटभर मागितलं तर मी दिलं न्हाई, डॉक्टरनं नको म्हणलं म्हणून. आता त्यांच्यातूनच अख्ख्या गावाला पाजा." मग पदरानं चुलीला वारा घालायला लागली. त्याला आम्ही होकार धरला.

बोअरची मशीन लागली. पाषाण लागायच्या आतच पाणी उसळलं, पाइपाच्या वर. गार, गोड, काचेसारखं. माणसं नाचली, ओंजळी भरभरून प्याली, म्हशी धावत आल्या. मीही प्यालो. असलं गोड पाणी मी जन्मात प्यालो नव्हतो.

सोसायटीनं काकाचा सत्कार ठेवला. शाल, फेटा, आणि रिवाजाप्रमाणे नारळ. नवा, वाण्याच्या दुकानातून मी स्वतः आणलेला. मीच त्याच्या हातावर ठेवला, आणि तो उभा राहिला. माझ्यासमोर.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं काका करून दाखवतोय. काका व्यासपीठावरून उतरला आणि रांगेतून चालत गेला. संचालक, पोरंटोरं, माझी बायको, कडेवरची लेकरं... नारळ उभाच. एकासमोरही आडवा झाला नाही. टाळ्या हळूहळू थांबल्या. अगदी शेवटी, दाराशी, शांतावहिनी उभी होती. ती या पाण्याला शिवत नव्हती, रोज पलीकडच्या गावच्या हापशावर जात होती. तिच्यासमोर नारळ आडवा झाला. काकानं तो तिच्या पायाशी ठेवला. आता काम कुठलंही मिळालं असतं त्याला, पण दुसऱ्या दिवशी म्हातारीला घेऊन तो टोळीबरोबर कोयत्यावर गेला. परत आला नाही.

याला काही स्पष्टीकरण असेल तर जरूर सांगा, मी ऐकायला तयार आहे. मी दर वर्षी छातीचा फोटो काढतो, साफ येतो. गावातही कुणाला काही झालेलं नाही. पण कुणी खोकलं की सगळे त्याच्याकडं बघतात आणि मग उगाच पावसापाण्याचं बोलायला लागतात. नंतर पाऊस झाला, विहिरी भरल्या, नळही आला. पण बोअर सोडून दुसऱ्या पाण्याची चव कुणाच्या जिभेला लागत नाही. माझ्याही नाही. शांतावहिनी आता थकली आहे, तरी हापशावर जाते. रस्त्यात दिसली की मी नमस्कार करतो. ती माझ्या तोंडाकडं बघत नाही, छातीकडं बघते.

हे लिहिताना तांब्या शेजारीच आहे. त्याच बोअरचा. मघापासून दोनदा भरून आणला.