भेटीच्या वेळच्या चपला

आमच्या बालगृहातल्या भेटीच्या खोलीत सतरंजी अंथरलेली असते, म्हणून सगळे चपला दाराबाहेर काढतात. सात वर्षांची रेवा मात्र वडील येणार म्हटलं की चपला घालूनच बसते आणि त्यांचे बंद पुन्हा पुन्हा घट्ट करते. एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "अनवाणी पळलं की खडे टोचतात."

"अगं, काढ त्या. मॅडम काय म्हणतील?" आजही वडील हसत म्हणाले. माझ्यासमोर ते फार गोड बोलतात. त्यांनी तापल्या उलथन्याने डागलेली तिची पोटरी मला समोरच दिसत होती.

"राहू द्या," मी म्हणाले.

मी इथली समुपदेशक. तुटलेली घरं सांधायची, हे माझं काम. दिवसभर लोकांना राग सोडायला शिकवते आणि स्वतःचा मात्र जपून घरी नेते. पोळ्या करताना उलथनं तापलं की ते कुणाच्या पोटरीला लावायचं, हे मला नेमकं ठाऊक असतं. त्याची लाजही वाटेनाशी झाली आहे.

निघताना त्यांनी हात जोडले. "पोरगी घरी यायला हवी, मॅडम. अहवालात जरा चांगलं लिहा."

"जे पाहिलं, ऐकलं, तेच लिहीन."

त्यांना हायसं वाटलं.

ते फाटकाबाहेर गेल्यावर रेवाने बंद सोडले आणि चपला दाराबाहेर ठेवून आली. मी अहवाल उघडला आणि तिचं ते खड्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. इतक्या सुवाच्य अक्षरात मी आजवर काहीच लिहिलं नव्हतं.