मोरीपासून परतलेला

बोईसरच्या आमच्या सोसायटीतला एक शेजारी दर पावसाळ्यात एकटाच सायकलने जव्हारचा घाट चढतो. एकांत हवा म्हणतो आणि वाटेतून सगळ्यांना फोटो पाठवत राहतो. यंदा चेअरमननी त्याचा सत्कार ठेवला. जिना चढताना धापा टाकणारे आम्ही सगळे हजर होतो. चेअरमनच्या भाषणात घाट सर झाला, दऱ्या थरारल्या. तेवढ्यात तो उठला.

"काका, मी विक्रमगडपुढे गेलोच नाही. रस्त्यातल्या मोरीवरून पाणी वाहत होतं. तिथली एक आजी म्हणाली, 'पुढं जायाचं हाय तं घरचा नंबर देऊन जा.' मी परतलो."

"अहो, शाल आणून झालीय," चेअरमन कुजबुजले. "चढलात असं समजू."

"नको," म्हणत तो माझ्याशेजारी येऊन बसला. शेवटी शाल चेअरमननीच पांघरली. टाळ्या आधीच ठरल्या होत्या, त्या झाल्या.