माऊस डावीकडे गेला तेव्हा

उजवं मनगट दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, माऊस काही महिने डाव्या हाताने चालव. सोप्या कामाला ‘डाव्या हाताचा मळ’ म्हणणाऱ्याने एकदा असा माऊस धरून दाखवावा. मी दहिसरच्या घरातून फ्लॅटचे नकाशे काढतो. स्वयंपाकघराची भिंत ओढायला घेतली की स्क्रीनवरचा बाण बाल्कनीतून बाहेर पडायचा आणि कोऱ्या पांढऱ्या जागेत कुठेतरी तरंगत राहायचा. आधी मी चिडायचो, चार शिव्या घालायचो. मग दुपारच्या पिवळट उजेडात त्याच्या मागे मागे नुसतं बघत राहायला लागलो.

बाबाही बघायचे. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला होता. मरोळच्या कारखान्यात जन्मभर लेथ चालवलेला माणूस माझ्या मागे खुर्चीत तासन्‌तास बसायचा. त्यांना डाव्या हाताने जेवता आलं असतं, पण जेवत नव्हते. आमच्याकडे डाव्या हाताने कुणाला पाणीसुद्धा देत नाहीत, अन्न तर दूरच. आई भरवायची तेव्हा ते मान खाली घालत आणि चार घासांत पुरे म्हणत. ते वाळत चालले होते आणि मला त्याची फार भीती वाटत होती.

“खंय चललो रे तुझो बाण?” ते विचारायचे.

“शिकतोय बाबा. हात ऐकत नाही.”

“ऐकात. तेका ओरडू नको.”

महिन्याभराने एक भिंत सरळ आली. बाबांनी ती बराच वेळ पाहिली. मग माझा हात बाजूला करून स्वतःचा डावा हात माऊसवर ठेवला. बाण थरथरत दोन खोल्या ओलांडून गेला.

त्या दिवशी जेवताना आईने घास पुढे केला, तर त्यांनी तोंड फिरवलं. ताटाकडे बघत तिला विचारलं, “डाव्यान जेवलंय तर देवाक चलात?”

“देवाक भूक कळता,” आई म्हणाली. “हात खयचो ता तो बघना नाय.”

त्यांनी डाव्या हाताने भात कालवला. अर्धा घास लुंगीवर सांडला, अर्धा तोंडात गेला. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. इतके महिने आई त्यांचं उरकल्यावर गार झालेलं जेवायची. दुसरा घास उचलण्याआधी बाबांनी शेजारी वाढून ठेवलेलं तिचं ताट कोपराने तिच्याकडे सरकवलं.

“तू पण जेव गो आता,” ते म्हणाले. “गरम आसा तवसर.”