नाक्यावर बांधलेल्या खुर्च्या

अहेरीहून चंद्रपूरची एसटी सुटली तेव्हा टपावर बांबूच्या सहा खुर्च्या होत्या, पण त्या कुणाला खुर्च्या वाटल्या नसत्या. माझ्या शेजारी बसलेल्या किसनभाऊंनी जागा वाचवायला त्या सुट्या करून मोळ्या बांधल्या होत्या. चंद्रपुरात उद्या एक नवं हॉटेल उघडणार होतं. माल आज पोचला तर पुढचं कामही भाऊंनाच मिळणार होतं. शहरातून आलेलं त्यांचं हे पहिलंच काम. मला मुरमुरे देत त्यांनी हे तीनदा सांगितलं.

नव्वदच्या दशकातले ते दिवस. बांबू म्हणजे वनमाल, आणि वाटेत वन खात्याचा नाका. तरुण वनरक्षक टपावर चढून खाली आला.

"टीपी (वनमाल नेण्याचा परवाना) कुठी आहे?"

"खुर्च्या हायेत साहेब. बनलेल्या मालाले टीपी काऊन लागते?"

"मले तर बांबूच दिसून राह्यला. खुर्ची दाखवा."

रविवार. परवाना देणारं ऑफिस बंद. माझं डोकं भडकलं, भाऊंचं नाही. त्यांनी मोळ्या उतरवल्या, पिशवीतून लाकडी मोगरी काढली आणि नाक्यासमोरच मांडी घातली.

"दाहा मिनिटं देतो," कंडक्टर म्हणाला, आणि तासभर थांबला. निम्मी गाडी खाली उतरली. एका बाईंनी खुर्चीचे चार पाय घट्ट धरून ठेवले. मी खुंटी ठोकायला गेलो आणि अंगठा ठेचून घेतला. त्यावर बाई मनापासून हसल्या.

शेवटची खुर्ची राहिली तेव्हा वनरक्षकानं टोपी काढून बाजूला ठेवली आणि दोरी हातात घेतली.

"माह्या बापालेबी येत होतं हे," तो म्हणाला.

एक पाय त्यानंच बांधला. मग खुर्चीवर बसून पाहिलं.

"आता झाली खुर्ची. जा भाऊ."

जोडलेल्या खुर्च्या सगळ्या टपावर मावेनात. दोन आत घेतल्या, आणि बाई चंद्रपूरपर्यंत त्यातल्या एकीत ऐसपैस बसून आल्या.

अंधार पडायच्या आत पोचलो. हॉटेलवाल्यानं पाच खुर्च्या घेतल्या आणि आणखी दहा सांगितल्या. सहावी हलत होती म्हणून परत केली. भाऊंनी ती माझ्या हवाली केली. "आता बांधूनच आनीन मी," ते म्हणाले. चेहरा नुसता फुलला होता.

ती खुर्ची साताऱ्याला घरी आणताना माझी पुरेवाट झाली. परवा आमचा सुतार म्हणाला, पाय नीट करून देतो. मी नको म्हटलं. तो पाय वनरक्षकानं बांधलेला आहे. त्यानं नियम मोडला नाही आणि भाऊंनाही मोडू दिलं नाही. खुर्ची थोडी हलली की मला तो आठवतो, आणि बरं वाटतं.