चालू शे

धुळ्याला ग्रंथपालांच्या संघाचं नेतृत्व शिबिर होतं. आमच्या गावच्या वाचनालयातून कोणी जायचं, यावर कमिटीत वाद झाला. चेअरमन म्हणाले, "आबा, तठे भाषण करनं पडस. तुम्ही चौथी शिकेल. काय बोलशात?"

मी म्हणालो, वाचनालय मी चालवतो, मीच जाणार आणि बोलूनच येणार. नातीने शुद्ध मराठीत भाषण लिहून दिलं, ते पाठ केलं आणि एरंडोलहून एसटी धरली.

हॉलमध्ये शेजारी चाळीसगावकडच्या कॉलेजातली एक ग्रंथपाल ताई बसली होती. चहा पिताना तिला चेअरमनचं बोलणं सांगून टाकलं. ती नुसती हसली.

मग पडद्यावर एकेका वाचनालयाचे फोटो आले. आमचाही आला. दारावर माझ्या हातची, खडूने लिहिलेली पाटी: 'वाचनालय चालू शे.' पुण्याकडचे पाहुणे चष्मा सावरून म्हणाले, "शेच्या आधीचा आकडा पुसला गेलाय वाटतं. किती शे पुस्तकं आहेत?"

अख्खा हॉल हसला. माझे कान तापले. चेअरमनचंच खरं झालं म्हणायचं. पिशवी उचलली आणि बाहेर पडलो.

कुठे निघालो ते विचारायला ताई व्हरांड्यात मागे आली. "आबा, कथा चालनात?"

"घर. बठ्ठा हसनात ना माले."

"तुमले कोन हसनं? त्या सायबले हसनात! त्यांना 'शे' समजना नही." मग हळूच म्हणाली, "जा बरं. चेअरमनले काय सांगशात तेवढं ठरवी ल्या."

हट्टी माणसाची नस तिला बरोबर सापडली. पिशवी तिच्या हाती दिली आणि मी मागे फिरलो.

नाव पुकारलं. 'सन्माननीय व्यासपीठ' एवढं म्हणालो आणि पुढचं पाठांतर उडालं. कागद होता, पण चष्मा पिशवीत आणि पिशवी ताईपाशी. मग म्हटलं, जाऊ द्या. "साहेब, शे म्हणजे आहे. आमच्या गावात कोणी 'आहे' म्हणत नाही. 'आहे' लिहिलं तर बायाबापड्यांना कचेरी वाटते, त्या दारातूनच परत जातात."

पाहुणे स्वतःच मोठ्याने हसले. म्हणाले, "चुकलो, आबा! पण बंद असतं तेव्हा काय लिहिता?"

"काहीच नाही. बंद राहतच नाही."

"आज तर तुम्ही इथं आहात."

"आज आमच्या म्हातारीने लावली पाटी."

टाळ्या वाजल्या. त्या मला कमी आणि म्हातारीला जास्त, असं मी धरतो. मला मात्र ताईपाशी आभाराचा शब्द नीट बोलता आला नाही. पिशवी परत घेताना "सुखी राहा, बेटा" एवढंच निघालं. ते अजून मनात आहे, म्हणून इथं लिहिलं.

गावात उतरलो, तर पाटी जागेवर होती. म्हातारी दाराशी बसलेली, आत चेअरमन पेपर वाचत होते.

"बोलनात का आबा?"

"बोलनू."

"काय बोलनात?"

मी पाटीकडे बोट केलं.