डोळ्यांत काजळ घालून अमेरिकेला

मार्गासनीहून मी अमेरिकेला निघालो, तो दिवस ऐन लावणीचा होता. तरी निम्मं गाव चिखलाच्या पायांनी मोटारीच्या थांब्यावर आलं होतं... महायुद्ध संपलं होतं, स्वातंत्र्य अजून यायचं होतं.

यंदा शंभरी गाठली. मी सांगतोय, नात मोबाईलवर लिहितेय. शुद्धलेखन तिचं, राग माझा.

पुण्यात मी शेतकीची पदवी घेतली होती. अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत वर्षभर भाताचा अभ्यास करायची स्कॉलरशिप मला मिळाली. आमच्या खोऱ्यातला कुणी तोवर मुंबईच्या पलीकडे गेला नव्हता.

तयारीत सगळ्यांचीच धांदल. भोरच्या शिंप्याने आयुष्यातला पहिला सूट शिवला, तो माझा. हेडमास्तरांनी टायची गाठ मारून दिली, ती मी सैल करून तशीच खुंटीला लावली... परत मारायला कोण येणार?

काट्याचमच्याची सवय हवी म्हणून भोरच्या डॉक्टरांकडून एक काटा मागून आणला. घरी पिठलं-भाकरीवर सराव सुरू केला, पण भाकरीने काही दाद दिली नाही. वडील हसता हसता खोकायला लागले. घरात इतकं हसू त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

माझी आई लहानपणीच गेली. मला वाढवलं ते पासली गावच्या आत्याने. निरोप द्यायला ती लावणी तशीच टाकून, दोन नातवंडांना घेऊन डोंगरातून चालत खाली आली. नातवंडांचे डोळे आले होते... लाल, चिकटलेले. पावसाळ्यात आमच्याकडे हे चालायचंच.

आमच्या शेजारी गंगाकाकी राहायच्या. विधवा, मूलबाळ नाही. बोटीवर थंडी असते असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, म्हणून स्वतःची जुनी लुगडी फाडून त्यांनी मला एक गोधडी शिवून दिली. निघताना माझ्या कोटाच्या बाहीवरून त्यांनी हात फिरवला आणि रुबाबदार दिसतोस म्हणाल्या. एवढंच.

आत्याचा चेहरा उतरला. तिने मला बाजूला ओढलं आणि कनवटीची काजळाची डबी काढली. त्याच डबीतलं काजळ तिने सकाळी नातवंडांच्या डोळ्यांत घातलं होतं. बोट लुगड्याला पुसलं आणि माझ्या दोन्ही डोळ्यांत फिरवलं. नको नको म्हणेपर्यंत घालून झालं होतं... सूट घातलेला गडी, आणि डोळे असे!

मुंबईला पोचेस्तोवर डोळे खुपायला लागले. दुसऱ्या दिवशी उघडेनात. मेडिकलच्या दिवशी डॉक्टरांनी माझी पापणी उलटी करून पाहिली आणि मान हलवली. अमेरिकेत तेव्हा डोळ्यांच्या रोगाचा फार धसका होता. आठवड्यात बरा होईन म्हणून मी परोपरीने सांगितलं. ते म्हणाले, महिन्याने या.

बोट चार दिवसांवर होती. ती गेली. मागे नंबर लावून बसलेल्या दुसऱ्या कुणाला माझी जागा मिळाली... पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला, त्याचं उत्तरही आलं नाही. संपलं.

मी घरी परतलो तेव्हा आत्या अजून मार्गासनीतच होती. माझे लाल डोळे पाहून तिने कपाळावर हात मारून घेतला.

"लागलीच न्हवं का नजर? म्या म्हनत व्हते, काजळ आजून दाट घालते. तू ऐकलं न्हाईस."

मी सांगितलं, अगदी स्पष्ट सांगितलं. नजर वगैरे काही नाही, नातवंडांच्या डोळ्यांचा रोग काजळाच्या बोटाने माझ्या डोळ्यांत आला. वडील भडकले. जिने आईच्या मायेनं वाढवलं तिलाच बोल लावतोस, हेच शिकलास का कॉलेजात, असं सगळ्यांदेखत म्हणाले. पुढे मी जितक्यांदा सांगितलं, तितक्यांदा कृतघ्न ठरलो.

मग नजर कुणाची, हे ठरवायला गावाला कितीसा वेळ लागतो... बाहीवरून हात कुणी फिरवला, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. आत्याने ती गोधडी माझ्या ट्रंकेतून काढली आणि मी शेतावर गेलेलो असताना परड्यात जाळली. गंगाकाकी कुंपणापलीकडे भांडी घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, असं मला वडिलांनीच नंतर सांगितलं. कौतुकानं सांगितलं!

त्यानंतर बारशाला, लग्नाला त्यांना कुणी बोलावलं नाही. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं बोलावणं बंद. मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो, तर त्याच मला उठवायच्या... लोक बघतात, जा बाबा, म्हणायच्या.

मी पुढे तालुक्यात शेतकी खात्यात नोकरी केली. लग्न झालं, मुलगा झाला. तो शिकायला पुण्याला निघाला, त्या सकाळी मी त्याला घेऊन गंगाकाकींच्या दाराशी गेलो. दार आतून बंद होतं. गावातून कुणीही बाहेरगावी निघालं की त्या दार लावून घेतात, हे मला बायकोने तेव्हा सांगितलं.

मी कडी वाजवली. "काकी, भाईर या. पोराला पाया पडायचंय."

आतून आवाज आला, "नगं बाबा. नीट जाऊ दे त्याला."

बराच वेळ थांबलो. मोटारीचा हॉर्न वाजायला लागला. शेवटी मुलाने उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि आम्ही निघालो.

आत्याचे माझ्यावर उपकार आहेत, ते मी नाकारत नाही. माझी अमेरिका गेली, तेही मी तिला कधीच माफ करून टाकलं. गंगाकाकींचं तिने जे केलं, ते मात्र आजतागायत माफ केलेलं नाही.